ढीग तापला, मास्तर

७ नोव्हेंबर

मास्तर,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमची मुलगी ठीक, तिच्या मानाने माझा मुलगाही ठीक, आणि आमच्या हिचा गुडघा हवेप्रमाणे. तुमच्याकडेही बरं असेल असं धरून चालतो, कारण तीन वर्षांत तुम्ही मला स्वतःहून काही कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. फोन केला की तुम्ही "बरं आहे ना सगळं? मुलीला देता का जरा" म्हणून मला वाटेला लावता. म्हणून हे पत्र. पत्र हातात आलं की ते दुसऱ्याला द्यायची सोय नसते.

आता खरी बातमी. खताचा ढीग तापला, मास्तर. एकसष्ट अंश.

कारखान्यातला बॉयलरचा जुना तापमापक आहे ना, हातभर दांडीचा, तो मधोमध खुपसून ठेवलाय. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी बत्तीस. काल दुपारी एकेचाळीस, संध्याकाळी पन्नास, आणि आज सकाळी चहाचा कप हातात घेऊन गेलो तर एकसष्ट. कप तसाच कुंपणाच्या खांबावर राहिला. ना कोळसा, ना गॅस, ना वीज. खाली विस्तव नाही आणि वरती आच लागते. आयुष्य गेलं माणसांना सांगण्यात की इंधनाशिवाय वाफ होत नाही, आणि इथे गवत आणि भाजीच्या साली मला खोटं पाडतायत. खोटं पडण्यात एवढी मजा असते हे आधी माहीत नव्हतं.

सगळं तुमच्या त्या दोन पानांप्रमाणे केलंय. तीन वर्षांपूर्वी आमच्या बागेच्या कोपऱ्यात ढीग लावलात तेव्हा तुम्ही लिहून ठेवलेली पानं तुमच्या मुलीने स्वयंपाकघराच्या खणात जपून ठेवली होती. मी विचारल्यावर तिने काढून दिली. चार लाकडी फळ्या उभ्या करून मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच चौकोन केला. तळाला जाड काटक्या. मग सुक्या पानांचा थर, त्यावर हिरवं, पुन्हा सुकं. पानं रस्त्यावरचीच, नऊ पोती. झाडूवाल्या बाईंनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग म्हणाल्या की न्या, पण पोती परत करा. गवत शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या हिरवळीचं. घोड्यांच्या तबेल्यातून दोन पाट्या लीद आणली, गाडीत, पुढच्या सीटवर, आणि त्यावरून घरात जे झालं ते लिहीत बसत नाही. मूठभर घेऊन पिळायचं, दोन-तीन थेंब पडले तर ओल बरोबर, हे तुम्ही खाली दोन रेघा ओढून लिहिलंय. मी प्रत्येक थराला मूठ पिळली. मुलगा म्हणाला, "बाबा, कारखान्यात एवढी तपासणी केली असती तर."

कारखाना त्याच्या हाती दिल्यापासून घरात मला "अहो, जरा बाजूला" एवढंच काम होतं. आता मला काम आहे.

पण मास्तर, पत्र लिहायला तेवढंच कारण नाही. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पंपाचं बेअरिंग जाणार असेल तर मला तीन खोल्या पलीकडून कळतं. मग दहा फुटांवर सून फोनवर तिच्या अप्पांशी बोलत असताना मी काय कानात कापूस घालावा? ऐकू आलं. तुमच्या शहरातल्या बागखात्याने तुम्हाला बोलावलंय. मोठ्या बागेचा सगळा पाचोळा, जो ते आजवर जाळत होते, त्याचं खत करायचं. जागा देणार, सहा माणसं हाताखाली देणार. तीस तारखेपर्यंत उत्तर हवंय, आणि तुम्ही नाही म्हणणार आहात. दाताळंसुद्धा कुणाला देऊन टाकलंत म्हणे. सूनबाई म्हणत होती, "अप्पा, एका ढिगावरून?" पुढचं ती खोलीचं दार लोटून बोलली, त्यामुळे तिथे माझा नाइलाज झाला.

नकार कळवायची घाई करू नका. आधी मला हे सांगा, ढीग उलटायचा कधी? काटा चढतोच आहे.

आपला,
व्याही


१५ नोव्हेंबर

मास्तर,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या साडेतीन ढिगाबद्दल. "पासष्टच्या वर जाऊ देऊ नये. बाहेरचं आत, आतलं बाहेर करावं. कोरडं वाटल्यास शिंपडावं, ओतू नये. आपल्या तब्येतीस जपावे." शेवटचं वाक्य मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली की मास्तरांना तुमची काळजी आहे, ढीग उलटताना कंबर धरेल म्हणून.

धरली. पण कार्ड येईपर्यंत मी थांबलोच नव्हतो. चौसष्टावर काटा गेला तसा दाताळं घेऊन सुटलो. आतून काय वाफ निघाली, मास्तर. चष्म्यावर बसली. आतला पाला तपकिरी होऊन वर राखेसारखी पांढरी बुरशी धरली होती, आणि लीद गेली कुठे ते कळेना. बाहेरचं सगळं आत घातलं, आतलं बाहेर लावलं, आणि तासाभराने तापमापक खुपसला तर अडतीस. माझं तोंडच उतरलं. वाटलं, मारला आपण ढीग. जेवलो नाही नीट. पण दुसऱ्या दिवशी दुपारी काटा त्रेसष्टावर. हिला बागेत बोलावून दाखवलं. तिने काटा पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली, "मुलगा झाला तेव्हा एवढे हसला नव्हतात."

परवा रुमालात बांधून एक अंडं ढिगात पुरलं. पाच तासांनी काढलं. पांढरं लोण्यासारखं जमलं होतं, पिवळं जाडसर. मी खाल्लं. दातांचे डॉक्टर कुंपणापलीकडून बघत होते, त्यांनाही देऊ केलं, तर म्हणाले की त्यांचं जेवण झालंय. सकाळचे अकरा वाजले होते.

पण त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायचं आहे. बारा दिवस झाले, वास नाही. त्यांचं नाक तुम्हाला आठवत असेल. रोज सकाळी कुंपणाशी येऊन श्वास ओढून बघतात, जसे आम्ही गॅसगळती बघतो तसे, आणि निराश होऊन जातात. दुसऱ्या वेळी ढीग उलटला तेव्हा ते स्वतः हातमोजे घालून आत आले. दात उपटायचे हातमोजे. म्हणाले, आत खरंच एवढं गरम असतं का. हात घालून पाहा म्हटलं. घातला आणि चटकन काढला. तेव्हापासून त्यांच्या घरचा चहाचा चोथा आणि साली डब्यातून येतात, वरती झाकण लावून, औषधाच्या बाटलीसारखं.

तर मास्तर, म्हणायचं एवढंच की तुमची पद्धत बरोबर आहे. कोपरा तोच. पानं त्याच झाडांची. दोन पानं तुमच्याच अक्षरातली. मी अडाणी माणूस, बॉयलरखोलीत झाडू मारण्यापासून सुरुवात केलेला, मला जमलं तर तुम्हाला बागेचा पाचोळा काय जड आहे? हे बागखात्याला कळवा. हवं तर मी त्यांना आकडे पाठवतो. रोजचे दोन वेळचे लिहून ठेवलेत.

त्या वेळी तुमचा ढीग कुजला, झालं ते झालं. यंत्रंही कधी कधी कारण नसताना बंद पडतात. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो ते मात्र जास्त झालं. डॉक्टर वासाची तक्रार घेऊन आलेले, समोरचे दोघे नवरा-बायको फिरायला निघालेले थांबले, आमची ही, मी, आणि तुम्ही वही हातात घेऊन उभे. आणि मी म्हणालो, "मास्तर, फळ्यावर सगळंच शिजतं." सगळे हसले. तुम्हीही थोडे हसलात, ते मला जास्त लागलं. तुम्ही ठरल्यापेक्षा चार दिवस आधी निघून गेलात तेव्हा मी स्टेशनवरही आलो नाही. त्याबद्दल आज माफी मागतो. मनापासून.

हे लिहून सूनबाईला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, तुम्ही तर नेहमी म्हणता की विनाकारण काहीच बंद पडत नाही. कारण सापडत नसेल तर शोधणारा आळशी, असं म्हणता." मी म्हटलं, पत्रात थोडं गोड लिहावं लागतं. तिने पत्र घडी घालून दिलं.

उत्तर लवकर द्या. तीस तारीख लांब नाही.

आपला,
व्याही


२३ नोव्हेंबर

मास्तर,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. या वेळी दोन पानं. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून.

तुम्ही माझं अभिनंदन केलंत. आकडे उत्तम आहेत म्हणालात. मग लिहिलंत: "कोपरा तोच, पानं तीच, कृती माझीच, आणि आपला ढीग तापला. म्हणजे दोष जागेचा नव्हता, कृतीचाही नव्हता. माझ्या हाताचा होता. टरबुजाच्या सालींतल्या पाण्याचा अंदाज मला आला नाही हे आपण तेव्हाच सांगितलं होतंत. एवढ्याशा ढिगाची ओल ज्याला ओळखता आली नाही, त्याने बागेचा पाचोळा आणि सहा माणसांचं काम कोणत्या तोंडाने हाती घ्यावं? आपल्या पत्राने माझ्या मनातली शेवटची शंका गेली. मी तीस तारखेस नकार कळवतो."

मी स्वतःला फार चलाख समजतो. कारखाना काही उगाच उभा राहिला नाही. मला वाटलं होतं, ढीग तापवून दाखवला की मास्तरांचा धीर परत येईल आणि मला बाकीचं बोलावं लागणार नाही. ढीग बोलेल, मी गप्प राहीन. पण तुम्ही पडलात विज्ञानाचे मास्तर. सगळ्या गोष्टी सारख्या ठेवल्या आणि निकाल वेगळा आला, तर वेगळं काय होतं ते तुम्ही शोधणारच. आणि माझ्या गप्प बसण्यामुळे तुम्हाला एकच वेगळी गोष्ट सापडली. तुम्ही स्वतः.

ते चुकीचं आहे. वेगळी गोष्ट मी होतो.

तुमच्या ढिगाच्या चौथ्या दिवशी पहाटे मी मागचं दार उघडलं. थंडी होती. कोपऱ्यातून पांढरं काहीतरी वर चाललेलं. तिथून चार हातांवर माझी पत्र्याची खोली, आत वेल्डिंगच्या गॅसचे सिलिंडर. माझ्या डोक्यात एकच आलं, कचऱ्याने पेट घेतला. पाण्याचा पाईप ओढला, ढिगावरची ताडपत्री फेकली आणि नळ पूर्ण सोडला. वीस मिनिटं, मास्तर. शिंपडलं नाही, ओतलं. खालून पाणी वाहून वाफ्यात जाईपर्यंत ओतलं. मग निखारे शोधायला हात घातला. निखारा नव्हता. राख नव्हती. कोमट, ओला पाला होता. तुमचा ढीग उत्तम तापला होता आणि वाफ सोडत होता.

वाफ. चाळीस वर्षं मी वाफेवर पोट भरलंय. वाफेला वास नसतो, धुराला असतो, हे कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी सांगायचो, आणि ज्याला ओळखता येत नाही त्याला परत पाठवायचो. आणि स्वतःच्या बागेत मी वाफेला धूर समजून पाणी मारलं. तुमच्या ढिगाचं वाईट वाटायच्या आधी मला याचीच लाज वाटली. हे कुणाला कळलं तर? म्हणून ताडपत्री होती तशी पसरली, पाईप गुंडाळला आणि चहा मागितला. वाटलं, एवढं तापलेलं आहे, सुकेल आपोआप.

सुकलं नाही. दोन दिवसांनी वास सुटला. तुम्ही ढीग उकरलात, मूठ पिळलीत, कोपरापर्यंत पाणी गळलं. तुम्ही मला सरळ विचारलंत, "पाऊस झाला का हो पहाटे?" मी म्हणालो, नाही बुवा, थेंब नाही. ते खरं होतं, म्हणून सोपं गेलं. आणि तुम्ही विचार करत उभे राहिलात तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो की टरबुजाच्या साली फार पडल्या वाटतं. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. त्यानंतर डॉक्टर आले, आणि पुढचं मागच्या पत्रात लिहिलंच आहे. फळ्याचा टोमणा मी का मारला ते आता कळेल. लोक तुमच्याकडे बघत असले की माझ्याकडे बघणार नव्हते.

हे सगळं आधी सूनबाईला सांगितलं, शुक्रवारी. ती भाजी चिरत होती. मी बोलत होतो तोवर तिने सुरी ठेवली नाही, पण चिरणं थांबलं होतं. मला वाटलं रागावेल, ते बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अप्पांनी त्यानंतर टरबूज घरात आणलेलं नाही." मग उठून बाहेर ढिगापाशी जाऊन उभी राहिली. मी आतून बघत होतो. बराच वेळाने आत आली आणि म्हणाली की हे तुम्हीच कळवायचं, मी फोन करणार नाही.

हिला सांगितलं तर हिने मला आणखी एक धक्का दिला. म्हणाली, "त्या दिवशी तुमची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. धुतली मी." मी विचारलं, मग तीन वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून."

टोमणा चारचौघांत मारला होता, म्हणून कबुलीही चारचौघांत द्यायची ठरवली. काल रविवारी ढीग चौथ्यांदा उलटायचा होता. डॉक्टरांना बोलावलं, समोरच्या नवरा-बायकोला बोलावलं, ही होती, सूनबाई आणि मुलगा होते. सगळे मजेत होते, त्यांना वाटलं आज पुन्हा अंडं निघणार. मी दाताळं भिंतीला टेकवलं आणि वरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं, वीस मिनिटांसकट. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला वाफ ओळखता आली नाही, हेही. हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही हसलो ते चुकीच्या माणसाला." समोरच्या बाई म्हणाल्या की मास्तर जाताना त्यांच्या घरासमोरून गेले होते आणि त्या दार उघडून नमस्कारही करू शकल्या नाहीत, कसंतरी वाटत होतं म्हणून. मुलगा मात्र शेवटी म्हणाला, "बाबा, मी पण तुमच्याकडेच शिकलो ना." टोमणा होता की आधार, ते माझ्या कानांनासुद्धा कळलं नाही.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ढीग उलटला. आता काटा पंचेचाळीसच्या खाली उतरलाय आणि उलटल्यावरही फार चढत नाही, म्हणजे तुमच्या पानाप्रमाणे मुख्य काम झालं. पान म्हणून काही ओळखू येत नाही. काळपट, भुसभुशीत, जंगलात झाडाखालची माती असते तसा वास. डॉक्टरांनी चिमूटभर नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मास्तर, एवढं सगळं झाल्यावरही मला आनंद होतोय, याचंही मला जरा वाईट वाटतं. पण होतोय. रोज सकाळी होतो. हा आनंद तुमचा होता, आणि मी तो तुमच्याकडून तीन वर्षं काढून घेतला होता, हे आता हातात ही माती घेऊन नीट समजतं.

आता दोनच गोष्टी. तुमची ती वही काढा. त्या पानावर टरबुजाच्या सालींवर काट मारा आणि लिहा: चौथ्या दिवशी पहाटे व्याह्याने वीस मिनिटं पाणी मारलं. आमच्याकडे बॉयलरच्या नोंदवहीत खरं कारण लिहिल्याशिवाय पान बंद करत नाहीत. तुमचं पान तीन वर्षं खोट्या कारणावर बंद आहे.

दुसरं. तीस तारखेला काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. वय झालं म्हणा, दगदग नको म्हणा, त्या बागेतली माणसं आवडत नाहीत म्हणा, मी एक शब्द बोलणार नाही. पण मला जमत नाही, हे कारण लिहू नका. ते कारण तुमचं नाही. ते मी बनवलंय.

माझ्याशी बोलायचं की नाही, इकडे यायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवा. न बोलायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त मुलीकडे येणं माझ्यामुळे थांबवू नका. तुम्ही आलात की मी हवं तर दिवसभर कारखान्यात जाऊन बसेन.

त्या दिवशी जे हसले होते त्या सगळ्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं. माझ्या सहीखाली त्यांनी आपापल्या हाताने सह्या केल्यात. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, पण ती त्यांचीच आहे. सूनबाईने सही केली नाही. ती हसली नव्हती.

ज्याने पाणी मारलं तो,
आपला व्याही